एकाच नावाची माणसे हाताळण्याची सोपी रीत

मराठी इतिहासात माणसे पुष्कळ झाली, नावे मात्र बेताचीच. त्यामुळे एकेका नावावर तीन-तीन, चार-चार थोर मंडळी दाटीवाटीने बसलेली आढळतात. त्यांपैकी नेमक्या माणसाला उठवून हार घालायचा आणि बाकीच्यांना धक्का लागू द्यायचा नाही, हे कौशल्याचे काम आहे. पुढील सूचना जयंतीचे प्रमुख वक्ते, निबंध लिहिणारे विद्यार्थी आणि जेवणाच्या पंगतीत इतिहासावर बोलणारे काका यांच्यासाठी आहेत. काका वाचणार नाहीत. त्यांना कोणीतरी वाचून दाखवाव्यात.

साहित्य : कोरा कागद, शिसपेन्सिल, खोडरबर (हे आधी घ्यावे) आणि मिळाल्यास एक कोल्हापूरकर. सातारकरही चालेल, पण दोघांना एका वेळी बोलावू नये. पुणेकर न बोलावता येतो.

कृतीला हात घालण्यापूर्वी मूळ दुखणे ओळखावे. आपल्याकडे नाव मिळते ते तीन वाटांनी. आजोबांचे नाव नातवाला लागते. दत्तक गेलेल्या मुलाला त्या घरातले एखादे पडून असलेले नाव मिळते. आणि लग्न झाले की मुलीचे नाव सासरी बदलते. बारशाला निदान आत्या तरी असते. गादीवर बसताना किंवा बोहल्यावर चढताना आत्याला कोणी विचारत नाही.

सरावासाठी प्रथम शाहू घ्यावेत. एक साताऱ्याचे : जन्म 1682, उमेदीची वर्षे मोगलांच्या छावणीत, 1707 साली सुटका, 1749 पर्यंत राज्य. दुसरे कोल्हापूरचे : जन्म 1874, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी 1902 साली निम्म्या जागा राखून ठेवणारे, 1922 साली निवर्तले. या दोघांच्या मधे साताऱ्याच्याच गादीवर आणखी एक शाहू होऊन गेले. ते प्रतापसिंह महाराजांचे वडील. 1808 साली वारले. त्यांची जयंती कोणी धूमधडाक्यात करत नसल्याने वक्त्याला त्यांच्यापासून धोका नाही. ओळखीची खूण हवी असेल तर संगम माहुलीला ज्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात ते साताऱ्याचे, आणि ज्यांच्या नावापुढे ‘राजर्षी’ लागते ते कोल्हापूरचे. ‘राजर्षी शाहूंनी बाळाजी विश्वनाथाला पेशवाई दिली’ असे वाक्य तोंडातून गेल्यास पुढचा मुद्दा लगेच सुरू करावा.

आता खरी मेख. या दोन मोठ्या शाहूंपैकी जन्माने शाहू कोणीच नाही. कोल्हापूरचे शाहू म्हणजे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, 1884 साली दत्तक आलेले. साताऱ्याच्या शाहूंचे पाळण्यातले नाव होते शिवाजी. तिकडे राजाराम महाराजांच्या निधनानंतर ताराबाईंनी 1700 साली आपल्या मुलाला गादीवर बसवले. त्याचेही नाव शिवाजी. येसूबाई आणि ताराबाई या दोन्ही सुनांची सासऱ्यांवर सारखीच भक्ती, दुसरे काय! मग 1707 च्या ऑक्टोबरात खेडला दोन्ही पक्ष समोरासमोर आले, ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि निकाल लागला. म्हणजे शिवाजी महाराजांच्या गादीसाठी त्यांच्या दोन नातवांत लढाई झाली आणि दोघांचीही नावे शिवाजी होती. छावणीत एकाचे नाव शाहू पडले हे पुढच्या बखरकारांवर उपकारच झाले. औरंगजेबाच्या छावणीबद्दल असे वाक्य लिहिण्याची ही एकमेव जागा असावी.

येथून विद्यार्थ्याने कोल्हापूरला जावे, पण न्याहारी करून. करवीरच्या गादीवर ताराबाईंच्या मुलापासून मोजले तर पाच शिवाजी होऊन गेले. शेवटचे लहान वयातच 1946 साली वारले. त्यांना क्रमांक लावण्याच्या फंदात पडू नये. कोणी थोरल्या महाराजांपासून मोजतो, कोणी करवीरपासून, आणि एकाचा चौथा तो दुसऱ्याचा पाचवा होतो. त्यापेक्षा साल सांगावे. 1883 साली अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या ताब्यात असताना मृत्यू पावले ते, असे म्हटले की ऐकणारा गप्प होतो. त्याला एवढेही ठाऊक नसते. राजारामांचेही तसेच. इटलीत फ्लॉरेन्सच्या बागेत, नदीकाठी, छत्रीखाली ज्यांचा अर्धपुतळा आहे ते राजाराम महाराज कोल्हापूरचे. विलायतेहून परतताना 1870 साली तिथेच वारले. सिंहगडावर 1700 साली वारलेले राजाराम ते हे नव्हेत. सहलीच्या बसमध्ये ही गल्लत ऐकू आल्यास नम्रपणे दुरुस्त करावी. छत्री पाहून गहिवरलेल्या माणसाला मात्र परतीच्या प्रवासात सांगावे.

पेशव्यांकडे वळताना बूट बाहेर काढून ठेवावेत, कारण आत पाय अडकण्याजोगे बरेच आहे. पहिले बाळाजी विश्वनाथ, त्यांचे नातू बाळाजी बाजीराव, आणि कारभार पाहणारे नाना फडणीस तेही बाळाजीच, बाळाजी जनार्दन. घरगुती नावांचा आधार घ्यावा म्हटले तर बाळाजी बाजीरावही ‘नाना’च, 1857 च्या उठावातले धोंडोपंतही नानासाहेब, मुंबईचे जगन्नाथ शंकरशेटही नाना आणि पत्रीसरकारचे क्रांतिसिंहही नाना. सबब नानांच्या वाटेला जाऊ नये.

मात्र बाजीरावांचा धडा कोणीही चुकवू नये, कारण इतिहासाने येथे गंमत करायची म्हणून केल्यासारखी केली आहे. बाजीराव आणि चिमाजी अप्पा ही भावांची जोडी सर्वांना माहीत असते. माहीत नसते ते हे, की ही जोडी दोनदा झाली. पहिल्या बाजीरावाच्या नातवाचे नाव बाजीराव आणि त्या नातवाच्या भावाचे नाव चिमाजी. एवढ्यावर भागले असते, पण दोन्ही जोड्यांच्या वाट्याला वसईच आली. पहिल्या चिमाजी अप्पांनी 1739 च्या मे महिन्यात पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला घेतला. दुसऱ्या बाजीरावाने 31 डिसेंबर 1802 रोजी त्याच वसईत इंग्रजांशी तह करून पेशवाई त्यांच्या फौजेच्या ओंजळीने पाणी पिऊ लागेल अशी व्यवस्था केली. तेव्हा ‘बाजीरावाच्या काळात वसईला काय झाले?’ या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत, आणि एकाला शाबासकी मिळते, दुसऱ्याला नाही. दुसऱ्या चिमाजीची कथा आणखी वेगळी : 1796 साली त्याला सवाई माधवरावाच्या विधवेच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवा केले गेले. नात्याने तो सवाई माधवरावाचा चुलता. चुलता पुतण्याचा मुलगा झाला. वंशावळ काढताना या ठिकाणी पेन्सिलीचे टोक मोडते. खोडरबर आधी घ्या म्हटले ते यासाठीच.

बाजीराव ओळखायला मराठी माणसाने एक सोय करून ठेवली आहे. ‘थोरले बाजीराव आले’ पण ‘दुसरा बाजीराव गेला’. आदरार्थी बहुवचन कोणाला लागते एवढे कान देऊन ऐकावे, साल विचारायची गरज नाही. थोरल्या माधवरावांच्या बाबतीतही हेच. त्यांच्या पुतण्याचे नाव माधवराव ठेवले तेव्हा घोळ होणार हे लक्षात घेऊन त्याला ‘सवाई’ जोडले. अंगावरचे दागिने काढावेत पण हे सवाई काढू नये. पुण्यात डिसेंबरच्या थंडीत मात्र ‘सवाईला चाललोय’ असे कोणी म्हणाला तर तो शनिवारवाड्याकडे निघालेला नसतो. तो सवाई गंधर्वांच्या नावाच्या संगीत महोत्सवाला चाललेला असतो, आणि सवाई गंधर्व म्हणजे बालगंधर्व नव्हेत, ते कुंदगोळचे रामभाऊ.

स्त्रियांच्या नावांसाठी वेगळी वही करावी. कल्याणच्या जोशांकडे 1865 साली एक यमुना जन्मली. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांकडे दुसरी यमुना. लग्न झाले आणि पहिलीची आनंदी झाली, दुसरीची रमा. पहिली 1886 साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाली, दुसरीने पुढे पुण्यात सेवासदनाचा पसारा उभा केला. एवढे पाठ झाले असे वाटेपर्यंत माहेरचेच नाव रमा असलेल्या पंडिता रमाबाई 1882 साली पुण्यात येतात, आर्य महिला समाज काढतात, आणि त्यात रमाबाई रानडेही असतात. एकाच शहरात, एकाच सभेत, एकाच कामाला दोन रमाबाई. इतिवृत्तात ‘रमाबाई म्हणाल्या’ एवढेच लिहिणाऱ्या कारकुनाला पुढच्या पिढ्यांची काळजी नसावी. त्यात पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशांच्या पदवीदानाला अमेरिकेत हजर होत्या, म्हणजे वहीची पाने एकमेकांना चिकटतात. थेऊरला थोरल्या माधवरावांबरोबर सती गेलेल्या रमाबाई आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या रमाबाई यांची पाने अर्थातच वेगळी.

आनंदीबाईंच्या बाबतीत हयगय केल्यास परिणाम गंभीर. राघोबादादांच्या आनंदीबाईंवर ‘ध’चा ‘मा’ केल्याचा आळ आहे. डॉक्टर आनंदीबाई वेगळ्या. आणि शारदा सदनात शिकलेली गोदूबाई नावाची विधवा धोंडो केशव कर्व्यांशी 1893 साली पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली, ती तिसरी. महिला दिनाच्या भाषणात पहिलीचा उल्लेख आदर्श म्हणून होऊ नये, एवढे पाहावे.

काही तज्ज्ञ सांगतात, वडिलांचे नाव लावा म्हणजे प्रश्न सुटतो. हा उपाय गोपाळांना लागू पडतो. गोपाळ गणेश आगरकर, गोपाळ कृष्ण गोखले, गोपाळ हरी देशमुख. ‘सुधारक’ हे एकच पत्र, पण मराठी बाजू एका गोपाळाची, इंग्रजी बाजू दुसऱ्या गोपाळाची. येथे वडील कामाला येतात. संगीतातले दोन विष्णूही वडिलांमुळे वाचले : नारायण म्हटले की भातखंडे, दिगंबर म्हटले की पलुसकर.

पण सर्वत्र वडिलांवर विसंबू नये. ‘बाळ गंगाधर’ एवढे म्हणून थांबा आणि सभोवती पाहा. बहुतेक जण टिळक म्हणतील. 1832 साली ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर यांचेही वडील गंगाधर. आणि 1937 व 1946 साली मुंबई प्रांताचे सरकार चालवणारे बाळासाहेब खेर तेही बाळ गंगाधरच. पहिल्या दोघांनी तर वर्तमानपत्रेही काढली, त्यामुळे व्यवसायावरूनही सुटका नाही. टिळकांचे पाळण्यातले नाव केशव होते. ते चालू ठेवले असते तर पत्रकार दिनाचे निम्मे गोंधळ टळले असते.

संतांच्या वाटेला नवशिक्याने एकट्याने जाऊ नये. नामदेवांच्या नावावरच्या अभंगांत विष्णुदास नामा वगैरे पुढच्या नाम्यांचेही अभंग मिसळले आहेत, आणि ‘नामा म्हणे’ ही मुद्रा त्या कामी काडीचीही मदत करत नाही. अभ्यासकांनी यावर आयुष्ये घालवली. आपल्याला संध्याकाळी कार्यक्रम आहे.

लेखकांचा प्रांत तुलनेने सोपा, कारण तेथे आद्याक्षरे आहेत. फक्त विंदा आणि वि. दा. यांच्यातला अनुस्वार सांभाळावा. तो पडला की करंदीकरांचे सावरकर होतात. ज्ञानपीठाची महत्त्वाकांक्षा असणाऱ्यांसाठी मात्र एक खास सूचना आहे आणि ती आजवर कोणी फुकट दिलेली नाही. पहिले ज्ञानपीठ वि. स. खांडेकरांना : जन्मनाव गणेश, दत्तक गेल्यावर विष्णू. दुसरे वि. वा. शिरवाडकरांना : जन्मनाव गजानन, दत्तक गेल्यावर विष्णू. तिसरे करंदीकरांना : स्वतः गोविंद, वडील विनायक. चौथे नेमाड्यांना : भालचंद्र. थोडक्यात, घरात कुठेतरी गणपती असल्याशिवाय मराठीत ज्ञानपीठ आलेले नाही, आणि जोडीला विष्णू असेल तर काम लवकर होते. होतकरूंनी लिखाणाआधी दत्तकविधानाची चौकशी करावी.

एवढे करूनही व्यासपीठावर पाय घसरलाच, समोर एका रमाबाईंचा फोटो आणि हातातल्या कागदावर दुसऱ्या रमाबाईंचे चरित्र अशी वेळ आलीच, तर घाबरू नये. आखूड केस आणि पांढरी साडी दिसली की बहुधा पंडिता, एवढी एक नजर टाकावी. तेही जमले नाही तर ‘त्यांचे कार्य आपण सारे जाणतोच’ म्हणावे. सारे मान डोलावतात, कारण कोणीच जाणत नाही. आयोजकांना मात्र एक कळकळीची विनंती. फ्लेक्सवर नुसते नाव न छापता नाव, गाव आणि साल अशा तीन गोष्टी छापाव्यात. जागा पुरत नसेल तर खालच्या शुभेच्छुकांच्या फोटोंपैकी चार-दोन कमी करावेत.