मोबाईलला नावं ठेवण्याआधी

मोबाईलने घरं तोडली, हे वाक्य आता सत्काराच्या भाषणापासून कीर्तनापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. बोलणाऱ्यांनी ऊसतोडीच्या हंगामात एकदा बीड जिल्ह्यातल्या वडवणी, धारूर नाहीतर शिरूर कासारच्या एखाद्या वस्तीवर दिवेलागणीला जाऊन यावं. घरात आजी, नातवंडं आणि एक फोन. मुलांचे आई-बाप दिवाळीच्या आगेमागे उसाला गेलेले. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी थेट बेळगावच्या पट्ट्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता. परतणार पाडव्याच्या सुमाराला. हे घर दरसाल तोडतं ते बालाघाटाचं कोरडवाहू रान आणि मुकादमाची उचल. मोबाईल त्याला टाका घालतो.

एके काळी मुकादमाचा फोन हाच टोळीचा फोन होता. गावाकडचं आजारपण फडात कळायचं, ते बरं झाल्यावर. 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि त्याच वर्षी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल सुरू झाला. पुढच्या हंगामांत कोपीतून, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीतून, आईचा चेहरा दिसू लागला.

चेहऱ्याचं कौतुक आहेच, पण ऊसतोडीत खरं कामाला येतं ते आवाज पाठवणं. पहाटे फडात उतरायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या आणि गाडी रात्री दहाला लागो की दोनला, डोक्यावर वाहून ती भरून द्यायचीच. आई मोकळी होते तेव्हा लेकरू झोपलेलं असतं. लेकरू शाळेतून येतं तेव्हा आई फडात. अशा वेळी ती कोपीपाशी बसून फोनवर अंगठा दाबून धरते : ‘‘जेवलास का? आज्जीला तरास देऊ नको. मास्तरांनी सांगितलेली वही आणली का?’’ पोरगं सकाळी ते ऐकतं आणि दप्तर पाठीवर घेता घेता पुन्हा ऐकतं. अक्षरओळख नसलेली आजीही त्याच बटणावर बोट ठेवून सुनेला उत्तर धाडते. वाचायला-लिहायला दुसऱ्याच्या पाया पडायची गरज उरली नाही, ही काय लहान गोष्ट आहे?

याच फोनवरून जातीचं विषही फिरतं, हे बीडकरांना कोणी वेगळं सांगायला नको. 30 ऑक्टोबर 2023 ला जिल्ह्यात जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. दिवस कुठले? टोळ्या गाव सोडण्याचे. भडकावणाऱ्या पोस्टी टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आपण जी आग लावतो, तिच्यात पहिल्यांदा कोपी आणि वस्ती यांच्यातला धागा जळतो. फॉरवर्ड करायला उठलेलं बोट तिथंच थांबवणं, ही या जिल्ह्यात माणुसकीची किमान अट आहे.

आणि सरकारकडे, कारखान्यांकडे मागणं एवढंच. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. तिथल्या आणि गावोगावच्या हंगामी वसतिगृहातल्या प्रत्येक मुलाला रोज आई-बापाशी बोलता येईल, असा फोन आणि ठरलेली वेळ द्या. कारखान्याच्या तळावर दिवा आणि फोन चार्ज करायची सोय द्या. उसाचं गाळप चालवणाऱ्यांना एवढी वीज जड नाही.

घर सोडावंच लागू नये, हा खरा इलाज. त्यासाठी पाणी हवं, गावात काम हवं, आणि ते मिळेपर्यंत भांडत राहायला हवं. पण आजचं लेकरू आजच मोठं होतंय. त्याच्या कानावर आईचा आवाज आजच पडला पाहिजे.