पाच अक्षरं, शेपूट एकच

“काहून व, तुले इंग्रजी येते ना?” शेजारच्या काकींनी कुंपणापलीकडून हाक दिली. रोवणी आटोपली होती. सिहोऱ्यात या दिवसांत माणसाला जरा पाठ टेकायला वेळ मिळतो आणि काकींना बोलायला.

“थोडीशी येते जी. काय झालं?”

“माह्या नातवाले बाईनं पाच शब्द देल्ले. सगऱ्यायमंदी पाच-पाच अक्षरं अना सगऱ्यायचं शेपूट एकच, ओ-यू-जी-एच. पोट्टा सकारपासून सपरीत बसून ‘रौघ, टौघ, बौघ’ करून रायला. म्या म्हटलं, हे इंग्रजी होय का भांडन?”

मी हातातलं सूप खाली ठेवलं. “पहिला शब्द रफ. म्हणजे खडबडीत, तुमच्या आंब्याच्या सालीसारखं. दुसरा टफ, चिवट किंवा कठीण.”

“समजलं. मंग तिसरा कफ. दवाखान्यातून आनतेत ना, कफ सिरप.”

“त्याला ते लोक कॉफ म्हणतात जी. कॉफ म्हणजे खोकला.”

“अवं, पन कफ त आपलाच होय! छातीत कफ झाला म्हनतेत.”

“तो कफ संस्कृतातला, वैद्यांचा. इंग्रजांचा कॉफ खोकल्याच्या आवाजावरून झालेला. नात्यागोत्याचे नाहीत ते, औषधाच्या बाटलीवर भेटले एवढंच.”

“बरं. चवथा डफ?”

“डो. मळलेली कणीक.”

“अना पाचवा?”

“बाउ. झाडाची मोठी फांदी.”

काकींनी वर पाहिलं. त्यांच्या आंब्याची एक जाडजूड फांदी कुंपण ओलांडून आमच्या सांदवाडीत आली आहे. “म्हनजे आमचा बाउ तुमच्याकडं आला म्हन की.”

“आला जी. आंबे मात्र तुमच्या सुनेनं मोजून परत नेले.”

काकींनी हे ऐकलंच नाही. “पोरायले शिकवाचं कसं मंग? आपलं पाय कसं सिधं. सिहोरा, बपेरा, भंडारा. तीन-तीन अक्षरं, शेवटी ‘रा’. लिवलं ‘रा’ का म्हना लागते ‘रा’. भंडाऱ्याले कोनी ‘भंडाफ’ म्हनते का?”

हसून झाल्यावर मी सांगितलं, की इंग्रजसुद्धा एके काळी ही अक्षरं म्हणत होते. जी-एच लिहिलं की घसा खाकरल्यासारखा आवाज निघे. स्कॉटलंडात तळ्याला ‘लॉख’ म्हणतात, त्यात तसला आवाज अजून ऐकू येतो. 1476 साली विल्यम कॅक्स्टननं लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला. पुढे छापून छापून स्पेलिंगं हळूहळू पक्की झाली. जीभ मात्र कुणाच्या छापखान्याला विचारत नाही. तो खाकरा काही शब्दांत ‘फ’ झाला, काहींत साफ गेला, अलीकडचे स्वरही हलले. लिहिणं तेवढं जिथल्या तिथे राहिलं.

“म्हनजे सातबारा जुन्याच मालकाच्या नावानं अना वावर कसते दुसराच!” काकी म्हणाल्या. “फेरफार नाई केला का कोनं?”

“अमेरिकेत थोडा केला. नांगराचं स्पेलिंग विलायतेत पी-एल-ओ-यू-जी-एच, सहा अक्षरी. अमेरिकेत पी-एल-ओ-डब्ल्यू, चारच. म्हणायचं दोन्हीकडे प्लाउ.”

“ट्रॅक्टर आले असन, मंग नांगराले एवढी अक्षरं कायले लागतेत?”

मग मीही थोडी खोडी काढली. “काकी, आपलंही सगळं सिधं नाही जी. ‘चार’ म्हणा. आता ‘चारा’ म्हणा.”

काकींनी दोन्ही शब्द तोंडात घोळवले. गोठ्याकडे पाहून पुन्हा म्हणाल्या, “चार पेंढ्या चारा. अवं, जीभ दोन जागी लागते!”

“एकदा टाळूला, एकदा दातांकडे. अक्षर एकच. ‘जीव’ आणि ‘जाऊ’ यांच्यातला ‘ज’ पण तसाच.”

“जीव अना जाऊ कवा एका सुरात बोलल्या?” काकी पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांच्या धाकट्या जावेवर हा विषय जाणार, म्हणून मी घाईनं पुढे सरकले.

“आणि तुम्ही ‘डोरा’ म्हणता, पण नातू वहीत काय लिहितो?”

“डोळा. नाई त बाई लाल रेघ मारते.”

आपल्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. घरी ‘पानी’, वहीत ‘पाणी’. घरी ‘कारा’, वहीत ‘काळा’. ही दोन खाती आपली लेकरं पहिलीपासून सांभाळतात आणि त्याचं कुणी कौतुकही करत नाही. ज्याला हे जमलं, त्याला ‘डो’ आणि ‘टफ’ जड जाणार नाहीत, फक्त शब्द आधी कानावर पडायला हवेत.

“तुह्या वेळेले कसं होतं?”

“आमची इंग्रजी पाचवीत सुरू झाली. ती पहिलीपासून आली 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते तेव्हा. आम्ही ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ असं ओरडत पाठ केलं. मांजराला ते चालून गेलं. या शब्दांना नाही चालत. यांचे कानानं गट पाडायचे. रफ, टफ, इनफ एकीकडे; इनफ म्हणजे पुरे. बाउच्या संगतीला प्लाउ. कॉफबरोबर ट्रॉफ, म्हणजे गुरांचं पाणी पिण्याचं टाकं. डोच्या जोडीला दो, म्हणजे तरीही. तुम्ही भाकरीचं पीठ मळताना त्याला जवळ बसवा अन् विचारा, हे काय? म्हातारबा खोकले की विचारा, हे काय?”

“थे त रातभर खोकलतेत. पोट्टा पयला नंबर आनन.”

आतून नातवाचा आवाज आला. आता ‘रफ, टफ’ चाललं होतं, म्हणजे तो कान देऊन सगळं ऐकत होता.

काकींनी इकडेतिकडे पाहिलं, कुंपणाला आणखी टेकल्या आणि आवाज उतरवला. “शब्दायचं झालं. आता ज्याच्यासाठी आलती थे सांगतो. कोपऱ्यावरच्या घरी काल नागपूरचे पावने आलते. पोरगी पाहाले. तुले मालूम हाय का?”

मी म्हटलं, “थांबा जी, गॅस बंद करून येते.”