खान्देशात ख्यालीखुशाली विचारण्याची रीतसर पद्धत

स्पॅनिश शिकणाऱ्यांची चैन आहे. ‘ओला’ म्हणायचं, ‘कोमो एस्तास’ विचारायचं, समोरचा ‘ब्येन’ म्हणाला की सुटलो. वडीलधाऱ्यांसाठी ‘उस्तेद’ची सोय आहे, आणि लिखाणात तर वाक्याच्या आधीच उलटं प्रश्नचिन्ह टांगतात, म्हणजे माणूस सावध होतो. खान्देशात प्रश्न कुठून येईल याची अशी पूर्वसूचना मिळत नाही. धुळे-जळगावला बदली झालेल्यांनी पुढील सूचना पाठ कराव्यात.

आधी आपण कुठे उभे आहोत ते पाहावे. १९०६ साली सरकारने खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. राम राम घालतानाही ढोबळमानाने दोनच धरावेत. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली, म्हणजे बहिणाबाईंची. तिथे ‘कसं काय भो?’ एवढ्यावर भागते. धुळ्याकडे अहिराणी: ‘राम राम आप्पा, कसा शेतस?’ अमळनेर मात्र जिल्ह्याने जळगावात आणि जिभेने धुळ्यात आहे. ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात खान्देशीला भिल्ल भाषांच्या पंगतीला बसवले, त्यावर विद्वानांनी वाद घालावा. आप्पा तोवर थांबणार नाहीत.

खरी परीक्षा हाक मारण्यात. आप्पा, आबा, नाना, बापू, तात्या, अण्णा यांपैकी एक निवडावे. चुकले तरी कोणी रागावत नाही. ‘सर’ म्हणालात तर मात्र तुम्ही कर्जवसुलीला आलात असा समज होऊन आप्पा घरी नसल्याचे खुद्द आप्पाच सांगतील.

‘कसा शेतस?’चे उत्तर ‘बरं शे.’ यात फेरफार करू नये. हात गळ्यात बांधलेला असला तरी बरंच शे. त्यानंतर पाऊसपाणी, मग कापसाचा भाव, रावेरकडे असाल तर केळीचा. भावाची चर्चा सावकाश चालते, कारण खरी प्रकृती तिथेच कळते: कापूस घरात पडून असेल तर माणसाचे बरे नाही, हे डॉक्टरांच्या आधी ऐकणाऱ्याला समजते. हात कसा मोडला हा विषय चहानंतर. आधी विचारणे उतावळेपणाचे लक्षण मानले जाते.

‘कथा चालना?’ हा प्रश्न तुम्ही शिरपूरच्या एसटीत एक पाय ठेवलेला असताना विचारला जातो. पाटी विचारणाऱ्यालाही वाचता येते, म्हणून ‘शिरपूर’ असे उत्तर देऊ नये. ‘आठेच’ म्हणावे आणि चढावे.

मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की वरील सर्व नियम स्थगित. दोघांनी रुमालाने मान पुसावी. तेवढ्यात राम राम, तब्येत, भाव, सगळे येते.

निरोपाचे प्रकरण मोठे आहे. ‘च्या पीसन जा’ला एकदा नकार चालतो. ‘जेवीसन जा’ आल्यावर गाडीची किल्ली खिशात ठेवावी, कारण आत वांगी भाजायला गेलेली असतात. फोनवर ही अडचण नाही, तिथे ‘आनखी काय?’ असते. नवशिक्यांना वाटते, बोलणे संपले. त्यानंतर मुलीच्या स्थळाचा विषय निघतो.