दोन्ही घरचा पाहुणा

आमच्या लातूरकडे खतांवरून दोन पंथ पडलेत. एका पंथाच्या दारात २०० लिटरचा निळा ड्रम असतो आणि त्यात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून सकाळ-संध्याकाळ जीवामृत ढवळणं चालू असतं. दुसऱ्या पंथाचा देव कृषी सेवा केंद्रात, गोणीत शिवलेला. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, असं म्हणतात. आमचे अण्णा मात्र दोन्हीकडे जेवतात आणि हात धुता धुता यजमानांचीच कानउघाडणी करून येतात.

ड्रमवाल्यांच्या बैठकीत कुणी म्हणालं, "युरिया म्हणजे विष," की अण्णांचं पेन खिशातून बाहेर. कागद नसतोच, हिशेब तळहातावर. "टनभर शेणखतात नत्र किती? धरा पाच किलो. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत? वीस किलोच्या वर. म्हणजे एका गोणीला चार टन शेणखत. तुमच्या दावणीला जनावरं किती, सांगा!" दावणीला एक म्हैस आणि दारात ट्रॅक्टर. बैठक तिथंच मोडते.

यावरून अण्णांना गोणीवाले समजाल तर फसाल. दुसऱ्याच दिवशी ते दुकानाच्या पायरीवर बसलेले असतात आणि सोयाबीनसाठी युरिया न्यायला आलेल्या पोराला अडवतात. "अरे, द्विदल आहे ते. मुळाच्या गाठीत आपलं नत्र आपणच कमावतंय. वर तू युरिया ओतलास तर नुसतं माजंल. पानं हत्तीच्या कानाएवढी, शेंगा बोटावर मोजण्याएवढ्या! जिवाणूचं पाकीट ने. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम. लावून सावलीत सुकव नि पेर." पाकीट स्वस्त, गोणी महाग; दुकानदार अण्णांना चहा पाजतो तो लवकर उठावेत म्हणून.

शेणावरही त्यांचं आंधळं प्रेम नाही. कुणाच्याही उकिरड्यात बेधडक हात घालून मूठभर खत चुरगाळायचं, नाकाशी धरायचं आणि शेणाचा वास आला की तोंड फिरवायचं. "कच्चं आहे. टाक खुशाल, हुमणी नि तण फुकटात मिळंल." एका बारशाला आले तेव्हाही पाळण्याआधी उकिरडा बघून आले होते. बाळाला हात लावू दिला नाही.

माझ्या मते, अण्णांचा जीव शेणात नाही नि युरियातही नाही. तो अडकलाय बेवडात. आधीच्या पिकानं रानात काय ठेवलं, काय नेलं, हे त्यांना तोंडपाठ. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, पुढच्या खरिपाला ज्वारी. ज्वारीआधी उन्हाळ्यात कुजलेलं शेणखत पसरायचं. मग हरभऱ्याचा बेवड आणि शेणखत दोन्ही वजा घालून उरेल तेवढाच युरिया. तोही अर्धा पेरताना, अर्धा महिन्यानं, रानात ओल बघून.

काकू म्हणतात, "लग्नाची तारीख विचारा, सांगता यायची नाही. विहिरीकडच्या तुकड्यात पाच सालांमागं काय होतं, ते विचारा." आतून आवाज येतो, "तूर!"

तेव्हा अण्णांकडे जायचं असेल तर "किती युरिया टाकू?" असं विचारू नका, चहासुद्धा मिळणार नाही. आधी त्या वावरात मागच्या साली काय होतं, ते आठवून जा.