एटीपी आप्पा

खान्देशात आप्पांना तोटा नाही. गल्लीत एक, भाऊबंदकीत दोन आणि सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहणारे निराळेच. पण कॉलेजात जो एक हमखास असतो, तो आप्पा सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. घर जळगावला, नोकरी धुळ्याला आणि उरलेलं आयुष्य एरंडोल-पारोळा रस्त्यावरच्या एसटीत. मुलं त्यांना पाठीमागे ‘एटीपी आप्पा’ म्हणतात. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी एवढीच दुरुस्ती सुचवली, की आपण एटीपीचे नाही, एटीपी सिंथेजचे. एटीपी म्हणजे पेशीचं इंधन आणि सिंथेज म्हणजे ते तयार करणारं यंत्र.

एसटीत त्यांच्या शेजारी बसण्याचा योग आलेल्या प्रत्येकाला हे सिंथेज ठाऊक आहे. सावद्याचे एक केळीवाले एकदा असेच तावडीत सापडले. “भाऊ, तुमच्या अंगात आत्ता फार तर पावशेर एटीपी असेल,” आप्पा म्हणाले, “पण तेच तेच मोडून-जोडून दिवसभरात तुम्ही जवळजवळ तुमच्या वजनाइतकं तयार करता.”

केळीवाल्यांनी मनाशी हिशेब केला. “म्हंजे आवक साठ किलो, अन् शिल्लक पावशेर?”

“बरोबर.”

“मंग मधला माल जातो कुठं?”

इतका नेमका प्रश्न एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेतही कुणी विचारला नव्हता, असं आप्पा अजून सांगतात. उत्तर मात्र पारोळ्यापर्यंत पुरलं.

आप्पांचा जीव आहे तो ई. कोलाय या जिवाणूच्या सिंथेजवर. जातं म्हणा हवं तर, पण यात दगड जागच्या जागी राहतात आणि मधला खुंटा फिरतो. जिवाणूच्या पटलात दहा सारख्या तुकड्यांचं एक कडं बसवलेलं असतं. बाहेरचे प्रोटॉन आत शिरताना ते कडं फिरवतात. दहा प्रोटॉन गेले की एक फेरा पुरा. कड्याबरोबर खुंटा फिरतो आणि वरच्या गोळ्यातल्या तीन जागांमधून फेऱ्यागणिक तीन एटीपी बाहेर पडतात. सगळं यंत्र मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपासचं. ते दिसणार कसं? म्हणून ते मोडून पाहायचं, तेही एका वेळी एकच खिळा काढून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅनबेरात फ्रँक गिब्सन आणि ग्रॅहम कॉक्स यांनी हेच केलं. ई. कोलायमध्ये उत्परिवर्तनं घडवली आणि जे जिवाणू ग्लुकोजवर वाढतात पण सक्सिनेटवर उपाशी राहतात, तेवढे वेचून काढले. ग्लुकोजवर सिंथेज नसलं तरी भागतं. सक्सिनेटवर त्याच्यावाचून सुटका नाही. नापास झालेले जिवाणू गोळा करून त्यांनी यंत्राचे भाग ओळखले. आप्पांचा पिंड या एका युक्तीवर पोसला आहे.

पिंड कॉलेजात राहिला असता तर बरं होतं. घरी भरिताचा मोसम आला की आप्पा म्युटंट काढायला बसत. एका रविवारी लसूण गाळून, दुसऱ्या रविवारी शेंगदाणे, तिसऱ्या रविवारी कांद्याची पात. एकदा वांगी कपाशीच्या काड्यांवर न भाजता गॅसवर भाजली. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: ‘भरीत, लसूण वजा’. तुलनेला, न बिघडवलेला मूळ नमुना म्हणून, अमळनेरहून सासूबाईंच्या हातचं भरीत मागवलं जाई. त्या डब्यावर ‘वाइल्ड टाइप’ लिहिलेलं पाहून सासूबाईंनी जावयाशी बोलणं टाकलं होतं. वहिनी सुरुवातीला नुसतं “हाई कसाले?” म्हणायच्या. पुढे त्यांनी स्वतःच एक प्रयोग केला. सगळे जिन्नस जागेवर ठेवले आणि स्वयंपाकघरातून फक्त आप्पांना गाळलं. भरीत उत्तम झालं. हा निष्कर्ष पद्धतीला धरून असल्याचं आप्पांनी मान्य केलं, हा त्यांचा मोठेपणा.

दिवाणखान्यात गणपती, आई-वडील आणि पॉल बॉयर अशा तसबिरी आहेत. बॉयर आणि जॉन वॉकर यांना 1997 चं नोबेल या सिंथेजच्याच कामाबद्दल मिळालं, पण पाहुण्यांना तसबिरीतला बॉयर धुळ्याचा इंग्रज आमदानीतला कलेक्टर वाटतो. त्याच वर्षी जपानात नोजी, योशिदा, किनोसिता वगैरे मंडळींनी वरच्या गोळ्यातल्या खुंट्याला ॲक्टिनचा लांब धागा चिकटवला आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली फिरताना डोळ्यांनी पाहिला. “आता दिसलं ना सर, मग मोडायचं कशाला?” असं एका विद्यार्थ्याने विचारलं. आप्पा याच प्रश्नाची वाट पाहत होते. धागा नेमका चिकटावा म्हणून खुंट्यावर ठरावीक जागी सिस्टीन हे एक अमिनो आम्ल घालावं लागलं, नको तिथलं सिस्टीन काढावं लागलं आणि गोळा काचेला धरून राहावा म्हणून त्याला हिस्टिडीनची शेपटी जोडावी लागली. “म्हणजे पाहायलासुद्धा आधी मोडावंच लागलं,” ते म्हणाले, आणि तास संपायला वीस मिनिटं असताना वर्गाबाहेर पडले. मला विचाराल तर या वादात आप्पा सोळा आणे बरोबर आहेत.

कॉलेजने त्यांचं टेबल खिडकीपासून उचलून मुतारीच्या भिंतीला लावलं तेव्हाही हेच शास्त्र कामी आलं. कड्याच्या प्रत्येक तुकड्यात 61 व्या जागी ॲस्पार्टेट हे अमिनो आम्ल असतं. प्रोटॉन त्याच्यावरच बसून फेरा मारतो. तिथे ग्लायसीन घातलं की सगळं ठप्प. पण 1990 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट फिलिंगेम यांच्या गटाने तेच ॲस्पार्टेट 61 वरून काढून 24 व्या जागी बसवलं, आणि यंत्र चाललं. तुकड्याची साखळी मधोमध दुमडलेली असल्याने 24 आणि 61 शेजारीशेजारी येतात. “थोडं मंद चाललं, पण चाललं,” नाकाला रुमाल लावून आप्पा सांगत.

एका विषयावर मात्र ते थट्टा चालू देत नाहीत. क्षयावरचं बेडाक्विलिन हे औषध क्षयाच्या जंतूच्या याच कड्यात अडकतं आणि फेरा थांबवतं. आणि कड्याच्या जनुकात एखादं अक्षर बदललं, की जंतू औषधाला दाद देत नाही. “आपण पन्नास वर्षं जे करतोय, ते तो जंतूही करतो,” आप्पा म्हणतात. “गोळ्या अर्धवट सोडू नका रे.”

पुतणीच्या सोयरिकीला धुळ्याची मंडळी आली तो दिवस वेगळा. पोहे झाले, मुलाचा पगार सांगून झाला. आप्पांनी घसा साफ केला. “ते ठीक. पण मुलगा सक्सिनेटवर तग धरेल का?”

मुलाचे काका दचकले. “सक्सिनेट... शिंदखेडा तालुक्यात का? आमची जमीन शिरपूरकडे आहे.”

हे निस्तरेपर्यंत पत्रिका निघाल्या. मुलीला मंगळ. खोलीत शांतता. गुरुजींनी मुलाची पत्रिका उलगडली आणि हसले. “यालाही आहे. दोन्हीकडे मंगळ, दोष कटला.”

आप्पा खुर्चीतून उठले. “सप्रेसर म्युटेशन!” ओसाकाच्या मासामित्सु फुताईंच्या गटाने खुंट्यातलं 23 वं मेथिओनीन बदलून लायसीन घातलं, तेव्हा प्रोटॉनचा आणि एटीपीचा मेळच बिघडला. मग त्याच खुंट्यात दुसरीकडे आणखी एक बदल झाला आणि मेळ परत बसला. बिघाडावर बिघाडाचा उतारा. हे सगळं आप्पांनी मुलीच्या सासऱ्यांना सुपारीच्या तबकावर बोटाने काढून दाखवलं.

“आमच्यात हे पहिल्यापासून आहे,” गुरुजी म्हणाले.

“आहे, पण कंट्रोल कुठाय? एकाला मंगळ आणि दुसऱ्याला नाही, अशी किती लग्नं तुम्ही मुद्दाम लावून पाहिलीत?”

गुरुजींनी पंचांग मिटलं. काकांनी घड्याळ पाहिलं. वहिनी पदर खोचत बाहेर आल्या, आप्पांच्या हातात पिशवी दिली आणि पेढ्यांसाठी त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात पिटाळलं. ते परत येईस्तोवर सुपारी फुटली होती.