अजून चालतंय की

अण्णांची गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. कन्ना चौकाकडून वळली की आधी बारीक किरकिर, मग पत्र्याच्या कव्हरवर चेन आपटल्याचा खळखळाट, आणि गियर बदलताना एक 'खट्'. गल्लीतली पोरं चेंडू हातात धरून बाजूला होतात. घरात काकू चहाचं आधण ठेवतात. अण्णा चप्पल काढेपर्यंत कप समोर येतो. एवढी सोय मोबाइलनंही केलेली नाही, असं अण्णांचं म्हणणं.

गाडी स्प्लेंडर. हिरो आणि होंडा यांची 2010 च्या डिसेंबरात काडीमोडाची बोलणी झाली, तरी अण्णा अजून 'हिरो होंडा'च म्हणतात. "त्यांचं भांडण त्यांच्याजवळ. माझ्या टाकीवर दोघंबी नांदतात."

असे अण्णा सोलापुरात पेठेपेठेला आहेत. हा माणूस गरीब नसतो, हे आधी सांगून टाकलेलं बरं. आमच्या अण्णांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, घर स्वतःचं आहे, आणि गड्ड्याच्या यात्रेत नातवंडांना पाळण्यात बसवताना ते कधी दर विचारत नाहीत. अज्ञानीही नसतो. अण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. माग अडला की ज्याच्या नावानं हाक जाते, तो जॉबर. मागाच्या पिनियनचा एक दात झिजलेला दिसला तरी अण्णा मालकाच्या केबिनमध्ये जाऊन उभे राहायचे. "शेठ, आजच बदला. झिजलेला दात शेजारच्याला खातो." शेठ गयावया करायचे, महिनाअखेरीचा वायदा द्यायचे. अण्णा हलायचे नाहीत. पिनियन बदललं जायचं.

पिनियन शेठच्या पैशानं येत असे, हा तपशील मी मुद्दाम आत्ता सांगतोय.

चेन का झिजते, हे त्यांच्याइतकं सोपं करून सांगणारा माणूस मी पाहिलेला नाही. लोक म्हणतात चेन ताणली. अण्णा चिडतात. "लोखंड काय चड्डीची नाडी आहे का बे, ताणायला?" कडीतली पिन आणि तिच्यावरची बुश एकमेकींवर घासून झिजतात. एका सांध्यात झीज मिलिमीटरचा दहावा हिस्सा. पण चेनला शंभरावर सांधे. बेरीज केली तर सेंटिमीटरभर चेन लांब झाली. मग तिचा प्रत्येक रोलर दाताच्या बुडाशी न बसता वर सरकतो आणि दाताला एका अंगानं खरवडतो. पुढचं स्पॉकेट बारकं, मागचं त्याच्या सुमारे तिप्पट दातांचं, म्हणून पुढच्या प्रत्येक दाताच्या वाट्याला तिप्पट राबणूक. म्हणूनच नुसती चेन बदलू नये, तिन्ही वस्तू एकदम बदलाव्यात. जुन्या दातांवर नवी चेन घातली की तीही जुन्यांच्या वळणावर जाते. "सुनेचं होतं तेच," असं पुटपुटून ते आत काकूंच्या दिशेनं पाहून घेतात.

एवढ्यावर थांबले तर ते अण्णा कसले! ते मँचेस्टरला जातात. ही बुश-रोलर चेन 1880 साली हान्स रेनॉल्ड नावाच्या स्वित्झर्लंडहून आलेल्या इंजिनिअरनं तिथं काढली. आणि त्याचा कारखाना मुळात कुणासाठी चेनी बनवायचा? कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी! "म्हणजे मोटारसायकलची चेन बी आपल्याच धंद्यातली," असं ते अशा थाटात सांगतात की रेनॉल्डसाहेब दुपारची पाळी करून सोलापूरच्या जुन्या मिलच्या गेटातूनच बाहेर पडत असावेत.

इतकं सगळं ठाऊक असलेल्या माणसाला "मग बदला की" असं म्हटलं, तर उत्तर ठरलेलं असतं. "अजून चालतंय की."

या तीन शब्दांच्या मागे बरंच तंत्रज्ञान आहे. पहिली पायरी चेन ओढायची. मागच्या चाकाच्या एक्सलला दोन्ही बाजूंनी अॅडजस्टर असतात, त्यांवर रेघा असतात. अण्णा दर थोड्या दिवसांनी एकेक रेघ मागे जात राहिले. रेघा संपल्या. कुणालाही वाटेल, कंपनीनं रेघा संपवून काही सुचवलंय. अण्णांनी कड्यांची एक जोडी काढून टाकली. कडी अर्ध्या इंचाची, जोडी एक इंचाची, म्हणजे चाक परत अर्धा इंच पुढे. "बघ, नवीन झाली."

दुसरी पायरी तेलाची. चेनसाठी स्प्रे मिळतो, नव्वद नंबरचं गियर ऑइल मिळतं. अण्णा गॅरेजमधून जळकं ऑइल आणतात, खोबरेल तेलाच्या रिकाम्या बाटलीतून. फुकट असतं हा त्याचा गुण, आणि आपल्याकडच्या धुळीला मिठी मारतं हा दोष. गुण त्यांनी डायरीत लिहिलाय.

तिसरी पायरी पुढचं स्पॉकेट काढून उलटं बसवायची. दाताचं एक अंग झिजलंय ना? मग दुसरं अंग कशासाठी दिलंय?

स्प्लेंडरला चेनवर पूर्ण बंद कव्हर असतं, त्याचाही अण्णांना मोठा आधार. कव्हरला एक रबरी बूच असतं, ते काढून बोटानं चेन दाबून पाहायची. अण्णांनी ते बूच उघडणंच सोडून दिलं होतं.

अशोक चौकाजवळचा मेस्त्री त्यांचा लाडका आणि वैरी. वयानं मुलासारखा, मराठी-तेलुगू-उर्दू तिन्ही भाषांत शिव्या येणारा, पण अण्णांना अहो-जाहो करणारा. त्यानं एकदा पंक्चर काढायला चाक सोडवलं आणि मागचे दात पाहून हात जोडले. प्रत्येक दात टोकदार होऊन एकाच बाजूला वाकला होता. "अण्णा, साताऱ्याच्या म्युझियमला वाघनखं ठेवायला सरकार लंडनपर्यंत कशाला गेलं हो? तुमच्या चाकात होती की!"

"काय बघलालास बे? बसव."

"चेन तुटून पुढं गोळा झाली तर इंजिनचा केस फुटंल. तिन्हींचं किट हजार-दीड हजाराचं, केस केवढ्याला पडंल?"

"तुटली तर बघू."

चेन तुटली नाही, हे अण्णा आजही छाती पुढे काढून सांगतात. तिनं फक्त दात सोडले. मंगळवार होता, तुळजापूरचा घाट होता, मागे काकू होत्या आणि त्यांच्या मांडीवर देवीची ओटी. चढावर अण्णांनी दुसरा गियर टाकला. इंजिननं जोरात हंबरडा फोडला आणि गाडी जागच्या जागी उभी. परत गियर, परत हंबरडा, आतून कडकड. शेवटी ती मागे यायला लागली. काकू उतरल्या, एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि मागून आलेल्या एसटीला हात करून निघून गेल्या. अण्णा ऊन उतरेपर्यंत घाटात. गाडी टेम्पोत घालून परत आणायला किती पडले, हा आकडा गल्लीत कुणालाच कळलेला नाही. तो किटच्या किमतीच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर मात्र पैजा लागल्या.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीकडे सोहळा झाला. कव्हर उघडलं तेव्हा आतून ऑइल, धूळ आणि काही वर्षांचा पाऊस यांचा काळा लगदा निघाला. मेस्त्री तो स्क्रूड्रायव्हरनं खरवडत होता. अण्णा स्टुलावर बसले आणि क्षणात पुन्हा जॉबर झाले. तीन वस्तूंपैकी एखादी जुनी ठेवू, असं मेस्त्रीनं गमतीनं म्हणताच उखडले. "अर्धवट काम माझ्या गाडीला चालणार नाही!" हब रबर हाताला लागताच भुगा झाले, तेव्हा अण्णा "ते बी बदल," म्हणाले. स्पॉकेटच्या नटांचे लॉक वॉशर जुनेच लावतोयस का, म्हणून विचारलं. चेन लॉकची पट्टी बसवताना तर ते उभेच राहिले. तिचं बंद तोंड चेनच्या चालीच्या दिशेला हवं, उघडं मागे. मेस्त्रीनं तसंच लावलं होतं, तरी अण्णांनी ते चष्मा पुसून तपासलं.

मग ढील. बोटानं दाबली की चेन दोन-तीन सेंटिमीटर खाली-वर व्हावी. मेस्त्रीनं पाहून मान हलवली. अण्णांनी गॅरेजच्या पोऱ्याला मागच्या सीटवर बसवलं. वजन पडलं की चेन आवळते, हे त्यांना रिकाम्या गाडीवरच्या मापापेक्षा खरं वाटतं. पोऱ्या बारीक होता. "काकू याच्या दुप्पट," असं म्हणून त्यांनी अजून एका गिऱ्हाइकाला चढवलं.

जुनं सामान त्यांनी गोणपाटात गुंडाळून घरी आणलं. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात घरोघरी बॅरल असतातच. मागचं स्पॉकेट आता बॅरलच्या झाकणावर वजन म्हणून आहे. चेन गेटला आहे, कुलूप लावायला. पुढचं स्पॉकेट कपाटात. त्याचं काय करायचं ते अजून ठरायचंय.

गाडी आता मुकी झालीय. अण्णा दारात येऊन उभे राहतात, घसा खाकरतात, आणि आतून विचारणा होते, "कोण आहे?" चहा त्यानंतर ठेवला जातो. याबद्दल त्यांनी मेस्त्रीकडे रीतसर तक्रार केली. कव्हरचा एक स्क्रू थोडा ढिला ठेवता येईल का, अशी चौकशीही केली.

परवा सात रस्त्यावर अण्णा भेटले. चालत होते. गाडी कुठंय म्हटलं, तर घरी. बाजाराला चालत, बँकेत शेअर रिक्षानं.

"का हो? आता तर सगळं नवीन आहे."

"म्हणून तर! उगाच फिरवून झिजवायची का?"

"आणि मंगळवारी तुळजापूर?"

"एसटीनं. नव्या चेनला घाट कशाला दाखवायचा बे?"