मूळपुरुषवाले अण्णा

अण्णांना तुम्ही ओळखता. लग्नाच्या कार्यालयात पहिली पंगत उठली की विडा गालात सारून जे तुमच्या शेजारी खुर्ची ओढतात आणि "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारतात, तेच ते. "पुण्याचे" हे उत्तर त्यांना चालत नाही. "पुण्याचं कोणी नसतं हो. त्याआधी?" तुम्ही सातारा म्हणता. "त्याआधी?" आजोबा कधीतरी जे पुटपुटले होते ते गाव तुम्ही अंदाजाने ठोकून देता. "बरं, त्याआधी?" आता तुम्ही उरलेल्या जिलबीकडे बघू लागता, आणि अण्णा खिशातून वही काढतात.

अण्णांनी कुळवृत्तांत लिहायला घेतला. बँकेतून निवृत्त होईपर्यंत त्यांना सख्ख्या चुलतभावाचा नवा पत्ताही ठाऊक नव्हता. आता त्याच भावाच्या खापरपणजोबांची तिथी तोंडपाठ आहे. (भावाशी बोलणं अजून बंदच आहे. जागेचा वाद.)

वंशावळ जेवणाच्या खोलीत भिंतीवर आहे. कागदाला कागद चिकटवत ती खिडकीपर्यंत गेली, तिथून वळली, आणि सध्या नववी पिढी फ्रीजच्या मागे आहे. एखादा पणजोबा नव्याने सापडला की काकूंना फ्रीज सरकवावा लागतो. तंजावरच्या भोसल्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला, हे अण्णा प्रत्येक पाहुण्याला सांगतात. सोसायटीच्या बाहेरच्या भिंतीबद्दल त्यांनी रीतसर अर्ज केला होता. सेक्रेटरींनी तो नामंजूर केला.

या सगळ्याच्या मुळाशी मूळपुरुष. ओसाड रानात आधी येऊन ज्याने गाव वसवलं, तो. माझ्या वाचनात आलेले बहुतेक मूळपुरुष एकाच वळणाचे आहेत. ते घोड्यावरून येतात, वाटेत वाघ मारतात, रात्री देवी स्वप्नात येऊन जागा दाखवते, आणि सकाळी राजा खूश होऊन सनद देतो. सावकाराला चुकवून रातोरात निघालेला मूळपुरुष अजून कोणाच्या कुळवृत्तांतात भेटलेला नाही. त्या रानात आधीपासून कोणी राहत होतं का, हा प्रश्न अण्णांना मी एकदा विचारला. "होते ना, पण ते वसलेले नव्हते," ते म्हणाले.

मेहनत मात्र खरी, तिथे हसायची सोय नाही. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे तासन्‌तास बसून अण्णांनी नामावळीच्या वह्या चाळल्या, आणि आजोबांच्या आजोबांची मोडीतली सही दिसली तेव्हा सगळ्यांसमोर रडले. मोडीचे वर्ग केले. पेशवे दफ्तरात रुमाल सोडून धूळ खाल्ली. (तिथे कागदांच्या गाठोड्याला रुमाल म्हणतात, अण्णांनी खिशातल्या रुमालालाही आता हातपुसणं म्हणायला सुरुवात केली आहे.) त्यांच्या गावाकडे सांगली भागात हेळवी येतात, घरोघरच्या वंशावळी म्हणून दाखवतात आणि धान्य घेऊन जातात. अण्णांनी एकाला गाठून मोबाइलवर सगळं उतरवून घेतलं. हेळव्याने चौथ्या पिढीत एक जास्तीचा मुलगा सांगितला, भांडून घर सोडून गेलेला. अण्णा आठवडाभर खिन्न होते. त्या मुलाच्या वंशजांना आता भिंतीवर जागा द्यायची, म्हणजे फ्रीज स्वयंपाकघरात न्यायचा.

खरं तर महाराष्ट्राला पूर्वजांची मोठी आठवण इंग्रजांनी करून दिली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनच्या हाती अधिकार आले आणि साहेबाने विचारलं, जमीन सारामाफ कशावरून? कागद दाखवा. मग माळ्यावरच्या पेट्या उघडल्या, कैफियती लिहिल्या गेल्या. पितृभक्तीला साऱ्याची भीती लागली की ती किती झटकन जागी होते!

अण्णांचा सगळा अभिमान नाकात आहे. पुढे किंचित वाकलेलं हे नाक थेट मूळपुरुषाचं, असा त्यांचा सिद्धांत. वंशावळीत निर्वंशापुढे "नि." आणि दत्तकापुढे "द." अशी खूण असते. पाचव्या पिढीत अण्णांच्याच शाखेत ठळक "द." आहे, आणि तो मुलगा भलत्याच कुळातून आणलेला. मी त्यावर बोट ठेवलं. अण्णा जराही डगमगले नाहीत. "विधिवत दत्तक आहे. होम झालाय. होमानंतर गोत्र बदलतं, तिथे नाकाचं काय घेऊन बसलात?"

हिशेबाचं तसंच. दहा पिढ्या मागे गेलं की माणसाला त्या एका पिढीत १०२४ पूर्वज लागतात. अण्णा त्यातला एक धरतात आणि १०२३ सोडून देतात. आयुष्यभर बँकेत पैशापैशाचा ताळा जमवलेला माणूस! सोडलेल्यांत निम्म्याहून जास्त बायका आहेत. जुन्या वंशावळीत पाच-पाच मुलगे होतात, पण ते कोणाला झाले याचा पत्ता नसतो. काकूंनी एकदा विचारलं, "माझं माहेर कुठल्या भिंतीवर?" त्यावर अण्णांनी पुरवणीचं आश्वासन दिलं आहे.

गेल्या वर्षी कुलसंमेलन झालं. प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला: शाखा ३, पिढी ११. वडील शाखेला पुढच्या रांगा. मठ्ठ्यासाठी थांबलेला एक पंचविशीचा मुलगा पिढीने अण्णांचा चुलता निघाला, तेव्हा अण्णांनी भर रांगेत वाकून त्याला नमस्कार केला. मुलगा हातातलं ताट सावरत "अहो काका, काका" म्हणत राहिला, अण्णा म्हणाले, "काका तुम्ही."

आणि मग दफ्तरात एक कागद मिळाला. मूळपुरुषाचं नाव, गावाचं नाव, सगळं जुळत होतं. फक्त ती सनद नव्हती, इस्तावा कौल होता. पडीक जमीन लागवडीला आणावी म्हणून सरकार असे कौल देई: पहिल्या साली नावापुरता सारा, मग दरसाल चढता, आणि काही वर्षांनी पुरता दर. थोडक्यात, घोडा नाही, वाघ नाही. सवलतीच्या दरात जमीन मिळते असं कळल्यावर बैल घेऊन आलेला एक कष्टाळू माणूस. कुळवृत्तांतभर अण्णा ज्यांना पिढीजात हक्काचे मिरासदार म्हणतात त्यांचा हा आद्य पुरुष गावात शिरताना चक्क उपरी होता! मला तर तो आवडला. ज्या जमिनीत काही पिकत नव्हतं तिथे त्याने बायको-पोरांसह पाय रोवले, हे वाघ मारण्याहून सोपं नसावं.

अण्णा दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात. तिसऱ्या दिवशी त्यांनी मजकूर मुद्रकाकडे पाठवला.

कुळवृत्तांत आता प्रसिद्ध झाला आहे. पुठ्ठा बांधणी, मुखपृष्ठावर घोडेस्वार. परिशिष्टात त्या कागदाचं छायाचित्र पूर्ण पानभर छापलं आहे आणि खाली ओळ आहे: "मूळपुरुषांस मिळालेला राजाश्रयाचा अस्सल कागद". लिप्यंतर दिलेलं नाही. तुम्हाला मोडी येत असेल तर ते पान जरूर वाचा, पण अण्णांच्या घरी बसून वाचू नका.